गॅदरिंगचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याआधी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कॉलेजात गॅदरिंग म्हणजे अख्ख्या गावाचा कार्यक्रम. कॉपीराइटची गाठ तिथेच पडते. 1957 च्या कायद्यातलं कलम 52 कॉलेजला मोकळीक देतं, पण रेकॉर्ड लावायची तर समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच हवीत. यूट्यूबवर ही मोकळीक संपते.

म्हणून तालमीपासूनच वहीत प्रत्येक आयटमपुढे तीन रकाने आखा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्ड कोणाची. तुकोबांचा अभंग कोणीही म्हणावा. मोबाइलवरून लावलेल्या त्याच अभंगाची चाल आजच्या संगीतकाराची आणि रेकॉर्ड कंपनीची असू शकते. शब्दांवरचा हक्क लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. तुकडोजी महाराज 1968 साली गेले, म्हणजे त्यांच्या भजनांची मुदत 2028 अखेरपर्यंत. रेकॉर्डची 60 वर्षं ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. कॅराओके ट्रॅकही रेकॉर्डच, गळा तुमचा असला तरी. दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाट्याची, पारंपरिक चाल पेटी-ढोलकीवर धरली, तर चाल आणि रेकॉर्ड हे दोन्ही रकाने मोकळे.

दंडार गावातल्याच कोणी लिहिली असेल, तर त्यांची सही घ्याच. "टाका ना, माझं काही म्हणणं नाही" एवढं पुरत नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून "कॉलेजच्या चॅनलवर, जगभर, अमुक वर्षं" असं स्पष्ट लिहा. मानधन ठरलं असेल तर तेही. आपल्याच माणसाच्या लिखाणाचा एवढा मान राखायलाच हवा.

व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून चढवा आणि यूट्यूबची कॉपीराइट तपासणी पूर्ण होऊ द्या. क्लेम ("हे गाणं आमचं" असा हक्कदाराचा दावा) आला म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर नोंदलेली नियमभंगाची ताकीद) नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, कधी व्हिडिओ अडतो. यूट्यूब स्टुडिओत तेवढा भाग कापता येतो, गाणं बदलता येतं किंवा त्याचा आवाज बंद करता येतो. हातात कागद असेल तरच हरकत घ्या; समोरच्याला उत्तराला 30 दिवस मिळतात. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जाऊ शकतं. खाली "सर्व श्रेय मूळ कलाकारांना" लिहिल्याने यातलं काहीच टळत नाही.

बक्षीस वाटताना डीजे बंद ठेवायला सांगा. मागे गाणं वाजत असलं की आवाज काढताना पोरीचं पुकारलेलं नावही त्याच्यासोबत जातं.