मावशीचा चेहरा मेणाचा झाला, तो असा सुधारला

मावशीच्या साठीसाठी तिचा एक फोटो फ्रेम करायचा होता. सुरकुत्या जरा सौम्य कराव्यात म्हणून फोटोशॉपमध्ये सरळ गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) मारला आणि मास्कने डोळे-ओठ मोकळे ठेवले. त्वचा गुळगुळीत झाली खरी, पण चेहरा मेणाचा दिसायला लागला. गालावरची बारीक लव, रंध्रं, सगळंच पुसलं गेलं.

रंगाचे डाग आणि त्वचेचा पोत मी एकत्रच पुसत होतो, तिथेच घोळ होता. दोन्ही वेगळे केले तेव्हा जमलं. मूळ लेयरच्या (चित्राच्या थराच्या) दोन प्रती काढल्या: खालची रंगासाठी, वरची पोतासाठी. खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर, रंध्रं नुकतीच दिसेनाशी होतील इतकाच. मला ८ पिक्सेल पुरले, पण फोटोच्या आकारानुसार हे बदलतं. वरच्या प्रतीवर ‘अप्लाय इमेज’ (एका लेयरमधून दुसरा वजा करता येणारी आज्ञा): लेयर म्हणून ती ब्लर केलेली प्रत, ब्लेंडिंग सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. मग वरच्या लेयरचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) लिनिअर लाइट. फोटो पुन्हा मूळसारखा दिसला की गणित बरोबर. (हे आकडे ८ बिट फाइलचे; बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारकाईने साठवल्या आहेत त्याचं माप. १६ बिटला सबट्रॅक्टऐवजी अ‍ॅड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०.)

डोळ्यांखालची काळसर छटा खालच्या लेयरवर लॅसोने (हाताने घेर काढून निवडायच्या साधनाने) निवडली, कडा फेदर म्हणजे मऊ केल्या आणि हलका ब्लर दिला. पुरळाच्या खुणा वरच्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा चांगला भाग उचलून त्यावर रंगवून, काढल्या. सॅम्पल (कुठल्या लेयरमधून उचलायचं ते) ‘करंट लेयर’च ठेवायचं, नाहीतर रंगही सोबत येतो. हनुवटीवरचा तीळ मात्र हलवला नाही, त्याच्याशिवाय ती मावशी वाटेना. शेवटी दोन्ही लेयरचा ग्रुप करून ओपॅसिटी (अपारदर्शकता) ६० टक्क्यांवर आणली आणि प्रिंटला दिला.