टोकन पाठवून टाकू का? परदेशात खोली शोधताना या चुका टाळा

मुंबईत भाड्याची खोली शोधलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जागा आवडली की उभ्या उभ्या टोकन द्यायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत दुसरं कोणीतरी घेऊन जातं. मुलं शिकायला परदेशी निघाली की आईवडील हीच घाई तिकडच्या खोलीलाही लावतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात. इथे टोकन देताना आपण त्या खोलीत उभे असतो, दलाल समोर असतो, किल्ली त्याच्या हातात असते. तिकडच्या खोलीचे आपण फक्त फोटो पाहिलेले असतात.

न पाहिलेल्या खोलीचे पैसे भरणं

फसवणुकीची पटकथा जवळजवळ ठरलेली आहे. शहराच्या मध्यावर, फर्निचरसकट, बाजारभावापेक्षा स्वस्त खोली. मालक ‘सध्या कामानिमित्त दुसऱ्या देशात’, म्हणून खोली दाखवू शकत नाही. पण माणूस फार सज्जन! डिपॉझिट पाठवा, किल्ल्या कुरियरने येतील, खोली नाही आवडली तर पैसे परत. विश्वास बसावा म्हणून तो पासपोर्टचा फोटोही पाठवतो. तो पासपोर्ट बऱ्याचदा आधी फसलेल्या कोणाचा तरी असतो, म्हणून आपलाही पासपोर्ट असा कोणालाही पाठवू नये.

जाहिरातीतले फोटो निरखून बघा. भिंतीवरचं सॉकेट फार बोलकं असतं. जर्मनीत ते गोल, खोलगट आणि दोन भोकांचं असतं; इंग्लंडमध्ये तीन चौकोनी भोकांचं. बर्लिनची म्हणून दाखवलेल्या खोलीत इंग्लंडचं सॉकेट दिसलं तर पुढे बोलायची गरज नाही. तेच फोटो गूगलवर इमेज सर्चला टाकले की कधीकधी एखाद्या हॉटेलच्या पानावर सापडतात. बँक खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) हाही बघा. जर्मन खात्याची सुरुवात ‘डीई’ने होते. खोली जर्मनीत आणि खातं तिसऱ्याच देशात असेल तर का ते विचारा. वेस्टर्न युनियन, क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डने पैसे मागणाऱ्याला काही विचारायचीसुद्धा गरज नाही.

व्हिडिओ कॉल घ्यायचा तर तो लाइव्ह घ्या. नळ सोडायला सांगा, खिडकीतून खालचा रस्ता दाखवायला सांगा आणि तो रस्ता गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर जुळतो का ते पडताळा. त्याहून चांगलं म्हणजे त्या शहरात आधीच शिकत असलेल्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाहून यायला सांगणं. बऱ्याच शहरांत मराठी मंडळं आहेत, तिथे विनंती करायला लाजू नका.

यातलं काहीच जमत नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे पर्यटकांच्या एखाद्या हॉस्टेलमध्ये काढा आणि खोल्या स्वतः पाहून ठरवा. घरून ‘एवढे पैसे कशाला?’ असा प्रश्न येतो. माझ्या मते हा सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे.

व्हिसा हातात येईपर्यंत थांबणं

विद्यापीठाच्या किंवा जर्मनीत श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहांना मोठी प्रतीक्षायादी असते. प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात अर्ज टाका. व्हिसा नाकारला गेला तर रद्द करण्याचे नियम काय, एवढं आधी वाचून ठेवा.

भाड्याचा आकडा चुकीचा वाचणं

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात भाडं बहुधा आठवड्याचं सांगतात. १८० पौंड आठवड्याला म्हणजे महिन्याला ७२० असा हिशेब आपण चटकन करतो. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणून खरा आकडा ७८०. जर्मनीत काल्टमीटे आणि वार्ममीटे असे दोन आकडे असतात. पहिल्यात नुसती जागा. दुसऱ्यात पाणी, कचरा, बहुतेकदा हीटिंग वगैरे. वीज आणि इंटरनेट दुसऱ्यातही नसण्याची शक्यता असते, शिवाय दर घराला रेडिओ-टीव्हीचं महिना १८.३६ युरो शुल्क असतं. ते घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आणि ‘विनाफर्निचर’ म्हणजे तिथे कित्येकदा ओटा आणि दिवेसुद्धा नाहीत!

अमेरिकेत चौघांनी मिळून एकच करार केला असेल तर एक जण सोडून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्यांच्या डोक्यावर येऊ शकतं. सही करण्यापूर्वी करार एकत्र आहे की खोलीनिहाय, हे विचारून घ्या.

‘पत्ता नोंदवता येणार नाही’ हे चालवून घेणं

जर्मनीला जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी भाडेकरार दाखवून भागत नाही, घरमालकाने सही केलेलं वेगळं पत्र लागतं. नोंदणी झाली की टॅक्स क्रमांक पोस्टाने येतो, आणि रेसिडेन्स परमिटसारख्या पुढच्या कामांनाही हाच नोंदवलेला पत्ता लागतो. म्हणून ‘खोली स्वस्त आहे, फक्त आनमेल्डुंग मिळणार नाही’ असं कोणी म्हणालं की समजा, बहुधा मूळ मालकाला न कळवता पोटभाडेकरू ठेवण्याचा बेत आहे.

नोंदणीनंतरही एक गोष्ट राहते. खाली टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवा. आपल्याकडे वॉचमनला विचारून कुरियरवाला वर येतो. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जातं. बँकेचं कार्ड येत नाही म्हणून हवालदिल झालेल्या मुलांपैकी निम्म्यांचा घोटाळा या चिठ्ठीत असावा, असा माझा अंदाज आहे.

‘आपलाच मराठी मुलगा आहे’

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोर्स संपवून निघालेला सीनियर खोली ‘पास’ करतो, तेही वर थोडे पैसे घेऊन. माणूस ओळखीचा असला तरी दोन कागद मागायचेच: त्याचा मूळ करार आणि पोटभाडेकरू ठेवायला मालकाने दिलेली लेखी परवानगी. रागावला तर रागावू द्या.

डिपॉझिटचे तिकडचे नियम न बघणं

मुंबईत डिपॉझिट मालक म्हणेल ते. तिकडे बहुतेक ठिकाणी कायद्याची मर्यादा आहे. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, तेही तीन हप्त्यांत द्यायचा हक्क. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाड्याच्या घराला पाच आठवड्यांचं भाडं. ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आणि २०१९च्या कायद्याने एजंटला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत मोडतोडीसाठी डिपॉझिट मागताच येत नाही, फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आधी घेता येतं. मात्र मालकाच्याच घरात राहून त्याचं स्वयंपाकघर वापरत असाल तर यातलं काही संरक्षण नसू शकतं. स्वस्तात पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांनी हे धरून चालावं.

सगळ्यांना एकच मेसेज

‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया, काइंडली प्रोव्हाइड रूम.’ याला उत्तर येत नाही. जर्मनीत तीन-चार जणांच्या घरातली एक खोली रिकामी झाली की उरलेले लोक नवा सोबती निवडतात, आणि हा चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. तुम्ही काय शिकता, सकाळी लवकर उठता का, भांडी लगेच घासता का, स्वयंपाक काय करता, हे त्यांना हवं असतं. जाहिरातीतल्या एखाद्या ओळीचा उल्लेख करा आणि चार वाक्यं स्वतःबद्दल लिहा. फोडणीच्या वासाचा विषय आत्ताच निघालेला बरा. आणि वडिलांनी मुलीच्या वतीने मेसेज पाठवू नये.

थंडी म्हणून खिडकी बंद ठेवणं

आपल्याला ओल माहीत आहे ती पावसाळ्यातली. तिकडे ती हिवाळ्यात धरते. हीटर चालू, खिडक्या बंद, कपडे खोलीतच वाळत आणि कुकरची वाफ. महिनाभरात कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापायला मालक तयारच असतो. दिवसातून दोन-तीन वेळा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. फट ठेवून दिवसभर सोडली तर भिंत गार पडते आणि काम बिघडतं. खोलीत शिरल्या दिवशीच भिंती, गादी, बाथरूमचे कोपरे यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. वाद झाला तर तेच उपयोगी पडतात.

पैसे गेलेच तर

मुंबईहून पाठवले असतील तर त्याच क्षणी बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला किंवा परत मागवायला सांगा. मग १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. चॅट पुसू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लगेच कळवा. तात्पुरत्या निवाऱ्याची वाट त्यांना माहीत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. घरी सांगायचं कसं, म्हणून चार दिवस गप्प राहणं यात सगळ्यात महागात पडतं.

इंग्लंडमध्ये डिपॉझिट अडलं तर ज्या योजनेत ते ठेवलंय तिथे विनाशुल्क दाद मागता येते. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटना मोफत कायदेशीर सल्ला देते. तिथे पाणी-हीटिंगचा हिशेब व्हायचा असल्याने डिपॉझिटचा काही भाग काही महिने मालकाकडे राहू शकतो. कोर्स संपवून मुंबईला परत येताना तिकडचं बँक खातं लगेच बंद करू नका, नाहीतर मालक पैसे द्यायला तयार आणि घ्यायला खातंच नाही असं होतं.