बडोद्याहून आजव्याला वॉटर पार्कला जाताय? आधी हे वाचा

मे महिन्यात मुलं मागे लागतातच, तर रविवार टाळा, मधल्या वारी जा आणि गेट उघडायच्या वेळेला पोचा, म्हणजे स्लाइडच्या लायनी लागायच्या आत निम्मं खेळून होतं. आजवा तसं जवळच आहे, सयाजीरावांनी बांधलेल्या तलावाकडचाच रस्ता, पण दांडिया बाजारातून सकाळी लवकर निघालेलं बरं. तिकिटाचा दर आदल्या दिवशी फोन करून विचारा, सुट्टीत बदलतो.

कपड्यांचं मात्र नीट बघा!! कॉटन चालत नाही, नायलॉन किंवा लायक्रा लागतं, आम्ही एकदा एका पार्कात आजींना सुती ड्रेसमध्ये नेलं आणि त्या दिवसभर काठावर बसल्या, मला अजून वाईट वाटतं. मुलांची उंची घरीच मोजा, मोठ्या स्लाइडला उंचीची अट असते, तिथे जाऊन रडारड नको. सनस्क्रीन पाण्यात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आणि दर 2 तासांनी परत. वेव्ह पूलमध्ये लहानग्यांना हाताच्या अंतरावरच ठेवा, लाइफगार्ड असला तरी. बाहेरचं खाणं बहुतेक आत नेऊ देत नाहीत, म्हणून थेपले गाडीत ठेवा, परतताना पोरं तुटून पडतात.