लीजवर टर्बो हॅचबॅक घ्यायची? कोटेशनांची तुलना अशी करा

लीज म्हणजे ठरावीक मुदतीसाठी गाडी भाड्याने घेणं. तिचं कोटेशन मोबाईलवर येतं तेव्हा त्यात एकच आकडा ठळक असतो, महिन्याचं भाडं. जीएसटी, किलोमीटरची मर्यादा, अनामत, गाडी परत करतानाची कपात हे सगळं खाली बारीक अक्षरात असतं. दोन कोटेशनं त्या ठळक आकड्यावरून ताडून पाहू नका. करार संपेपर्यंत खिशातून एकूण किती जाणार आणि त्यात गाडी किती किलोमीटर चालणार, एवढं काढा. रुपये भागिले किलोमीटर. शोरूम नागपूरचं असो की अमरावतीचं, प्रत्येक कोटेशन या एका मापात आणल्याशिवाय तुलना होतच नाही.

आधी गाडीचं. आपल्याकडे हॉट हॅचबॅक म्हणजे चार मीटरच्या आतली, टर्बो पेट्रोलची, साधारण १२० पीएसची (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप) गाडी. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन ९९८ सीसीची, १२० पीएस आणि १७२ एनएम टॉर्कची (म्हणजे ओढीची), लांबी ३,९९५ मिमी. टाटाने जून २०२४ मध्ये आणलेली अल्ट्रोझ रेसर १,१९९ सीसीची, १२० पीएस आणि १७० एनएमची. हे आकडे कोटेशनच्या वेळी कामाला येतात, कारण पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि लांबी ४,००० मिमीपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. आधी तो २८ टक्के आणि वर सेस (उपकर) होता. लीजच्या भाड्यावर जीएसटी त्या गाडीच्या विक्रीला लागतो त्याच दराने लागतो. एजंटाने जुन्या तक्त्यावरून २८ टक्क्यांचं कोटेशन पाठवलं असेल तर नवीन मागून घ्या. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारखी १,९८४ सीसीची आयात गाडी ४० टक्क्यांत जाते. तिचा हिशेब वेगळा आहे, तो इथे धरलेला नाही.

दुसरा प्रश्न विचारायचा तो पिनकोडचा. गाडी नागपुरातून मिळेल, पण तुमच्या तालुक्याचा पिनकोड त्या कंपनीच्या यादीत आहे का? नसेल तर रस्त्यात बंद पडलेली गाडी कोण उचलणार आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट उचलणार, हे लेखी घ्या. मोफत टोइंगला बहुधा अंतराची मर्यादा असते, आणि आपल्याकडचं अधिकृत वर्कशॉप कधी ८० तर कधी १२० किलोमीटरवर असतं.

मग आरसी कोणाच्या नावावर निघणार ते विचारा. यात लाखाच्या घरातला फरक पडतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स आहे. कंपनीच्या नावावर तोच २० टक्के होतो. ११ लाखांच्या गाडीवर ८ टक्क्यांचा फरक म्हणजे ८८,००० रुपये, आणि ते भाड्यातूनच वसूल होतात. काही योजनांत गाडी तुमच्या नावावर निघते आणि आरसीवर कंपनीचा बोजा चढतो. तसं असेल तर हिशेबात १२ टक्केच धरलेत का, ते तपासा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी देत असतील तर ती भाड्याने देण्याच्या परवान्यातली गाडी आहे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या माणसांना दर महिन्याला छत्तीसगड-तेलंगणात जावं लागतं. तिकडे या पाटीला कर भरावा लागतो, पांढऱ्या पाटीला ती कटकट नाही.

आता किलोमीटर. लीजमध्ये वर्षाला १०,०००, १५,००० किंवा २०,००० अशी मर्यादा असते, आणि शहरातल्या माणसाला १०,००० पुरतात म्हणून एजंट तेच सुचवतो. गावातली गाडी जास्त पळते. समजा शाळा, बँक किंवा कृषी केंद्र २२ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ४४, वर्षात २८० दिवस, म्हणजे १२,३२०. त्यात यवतमाळकडून महिन्यातून दोनदा नागपूर, दर फेरीला साधारण ३००, म्हणजे ७,२००. झाले १९,५२०. लग्नसराई आणि दवाखान्याच्या फेऱ्या अजून धरल्याच नाहीत. अंदाजाने सांगू नका. आत्ता दारात जी गाडी आहे तिच्या सर्व्हिसच्या दोन पावत्या काढा, त्यांवरचं रीडिंग आणि तारीख पाहा आणि वर्षाचे किलोमीटर काढा. मर्यादा ओलांडली तर दर किलोमीटरला ठरलेला दंड, त्यावर जीएसटी. मात्र किलोमीटर कमी झाले तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत. मर्यादा वर्षाची आहे की पूर्ण मुदतीची, हेही विचारा. पूर्ण मुदतीची बरी, कारण एक वर्ष जास्त पळाली तरी पुढच्या वर्षी जुळवून घेता येतं.

आता मांडणी. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कोटेशनातले आकडे त्यांच्या जागी टाका. मुदत ४८ महिने, गाडी चालणार ८०,००० किलोमीटर, ऑन-रोड किंमत १३,५०,०००.

पहिलं कोटेशन: भाडं २४,९००, जीएसटी वेगळा, वर्षाला १५,००० किलोमीटर, जादा किलोमीटरला १० रुपये, विमा आणि टायर तुमच्याकडे. १८ टक्के धरून भाडं होतं २९,३८२, गुणिले ४८ म्हणजे १४,१०,३३६. जादा २०,००० किलोमीटरचे जीएसटीसह २,३६,०००. विम्याचे १,०५,०००. टायरचा एक संच ३६,०००. एकूण १७,८७,३३६, म्हणजे किलोमीटरला २२.३४ रुपये.

दुसरं कोटेशन: भाडं ३२,९००, त्यातच जीएसटी, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि वर्षाला २०,००० किलोमीटर. गुणिले ४८ म्हणजे १५,७९,२००. किलोमीटरला १९.७४. जे कोटेशन महिन्याला ८,००० रुपयांनी महाग दिसत होतं ते चार वर्षांत २,०८,१३६ रुपयांनी स्वस्त निघालं.

आणि तिसरा रकाना कर्जाचा हवाच. ३,५०,००० डाऊन पेमेंट, १०,००,००० कर्ज, ९.५ टक्के, ४८ महिने. हप्ता २५,१२३, एकूण हप्ते १२,०५,९०४. विमा १,०५,०००, सर्व्हिस आणि टायर १,१०,०००. सगळं मिळून १७,७०,९०४. पण चार वर्षांनी गाडी तुमची असते. ती ६ लाखांना गेली तर निव्वळ खर्च ११,७०,९०४, किलोमीटरला १४.६४ रुपये.

इथे खरी गोम गाडीच्या पुढच्या किमतीत आहे. टर्बो हॅचबॅकला तालुक्याच्या ठिकाणी गिऱ्हाईक कमी, ॲव्हरेज विचारणारेच जास्त. म्हणून ६ लाखांवर विसंबू नका, उलटा हिशेब करा. कर्जाचा एकूण खर्च १७,७०,९०४ आणि चांगल्या लीजचा १५,७९,२००, फरक १,९१,७०४. डाऊन पेमेंटचे साडेतीन लाख चार वर्षं एफडीत राहिले असते तर सुमारे लाखभर व्याज मिळालं असतं, तेही यात मिळवा. म्हणजे चार वर्षांनी गाडी साधारण २.९ लाखांच्या खाली गेली तरच लीज फायद्याची. स्वतःच्या कोटेशनांवर हा आकडा काढा आणि नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तशीच चार वर्षं चाललेली गाडी कितीला जाते ते विचारून या. बहुतेक ग्रामीण ग्राहकाला कर्जच परवडतं, हे आमचं स्पष्ट मत आहे. लीज शोभते ती दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्या नोकरदाराला, किंवा ज्याची कंपनी पगारातूनच लीज देते आणि आयकरात फायदा होतो त्याला.

कर्जाचा दर विचारताना फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर, हे आधी विचारा. वरच्या उदाहरणात ५.१५ टक्के फ्लॅट म्हटलं तरी हप्ता जवळपास तोच, २५,१२५ येतो. ऐकायला अर्ध्यावर, भरायला तेवढंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, किरकोळ कर्जदाराला एक तथ्यपत्रक द्यावंच लागतं, त्यात वार्षिक खर्चाचा टक्का लिहिलेला असतो. तो पाहा. लीजमध्ये असं पत्रक हातात येईलच असं नाही, म्हणून तिथे वरचा तक्ता स्वतःच मांडावा लागतो.

कृषी केंद्र किंवा जिनिंग चालवणाऱ्यांना एजंट हमखास सांगतो, भाड्यावरचा जीएसटी परत मिळेल. नाही मिळत. १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट), लीजच्या भाड्यासकट, कायद्याने अडवलेलं आहे. गाडी लोकांना भाड्याने देणं किंवा ड्रायव्हिंग शिकवणं हाच धंदा असेल तर वेगळं. धंद्यासाठी वापरलेल्या प्रमाणात भाडं आयकरात खर्च म्हणून दाखवता येतं, एवढंच.

कास्तकारांसाठी अडचण वेगळी आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, लीजचं भाडं मात्र दर महिन्याला खात्यातून कापलं जातं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास, कापूस-तुरीचे चुकारे फेब्रुवारीपर्यंत, हरभऱ्याचे मार्चमध्ये. जून ते सप्टेंबर खात्यातून फक्त जातं, येत काही नाही, आणि त्याच वेळी बी-खत, निंदण, फवारणी. त्यामुळे चार महिन्यांचं भाडं, वरच्या दुसऱ्या कोटेशनात १,३१,६००, पेरणीआधी वेगळ्या खात्यात टाकून ठेवता येत असेल तरच सही करा. एक कपात परत गेली की बँकेचा दंड वेगळा, लीज कंपनीचा वेगळा, आणि सिबिल खराब झालं की पुढच्या पीककर्जाच्या वेळी ते आडवं येतं.

करार मध्येच सोडायची वेळ आली तर किती भरायचे, हे ‘नियमानुसार’ या शब्दावर सोडू नका. १३व्या, २५व्या आणि ३७व्या महिन्यात गाडी परत केली तर किती, असे तीन आकडे ईमेलवर मागा. चोरी किंवा मोठ्या अपघातात गाडी पूर्ण गेली तर विम्याचे पैसे कंपनीला जातात, आणि ते थकबाकीपेक्षा कमी पडले तर फरक तुमच्याकडून मागितला जातो. त्यासाठी रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडीच्या बिलाइतकी रक्कम देणारं) कवच हवं. विमा भाड्यात आहे म्हणाले तरी पॉलिसीची प्रत मागून तीन गोष्टी पाहा: झिरो डेप्रिसिएशन (भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कवच) आहे का, नाल्याच्या पाण्यात इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्ट आहे का, आणि टायर-रिमचं कवच आहे का.

टायरचं कवच इथे चैन नाही. आय-ट्वेंटी एन लाइनला १९५/५५ आर१६ टायर आहेत. रुंदी १९५ मिमी आणि कडेची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे जेमतेम १०७ मिमी रबर. काळ्या मातीतला डांबरी रस्ता पावसाळ्यात खचतो, कडा तुटून धार उभी राहते. त्या धारेवर ६० च्या वेगाने चाक आदळलं की रबर रिम आणि डांबराच्या मध्ये चेपतं, आतले धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. बाकी गाडीला काही न होता नुसता टायर गेला तर साध्या सर्वंकष पॉलिसीत दमडीही मिळत नाही. ‘टायर समाविष्ट’ असं कोटेशनात असलं तरी झिजलेले टायर की फाटलेलेही, आणि किती नग, हे लिहून घ्या. हवा दर १५ दिवसांनी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर क्लचची अट वाचा. आय-ट्वेंटी एन लाइनच्या सात गिअरच्या डीसीटीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडे क्लच आहेत. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तिथे इंच-इंच सरकत राहिलं, आणि वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, की ते तापतात. अशा रांगेत पुढे एक गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. क्लच ‘झिजणारा भाग’ म्हणून कराराबाहेर ठेवलेला असेल तर दुरुस्तीचं बिल तुमचं.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चारही रिम, काचा, छत, डिकी आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. मागच्या काचेवर रेडियमचं नाव लावू नका, उन्हात गोंद भाजून काचेला धरतो. नवरदेवाच्या गाडीची सजावट चिकटपट्टीने केली तर रंग निघतो. इंजिनचं ट्यूनिंग, दुसरा सायलेन्सर, खाली बसवलेले स्प्रिंग यांनी करारही मोडतो आणि वॉरंटीही जाते. खालची लोखंडी प्लेट पांदणीसाठी गरजेची वाटत असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. वावरात किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर दर आठवड्याला बॉनेट उघडा. उंदरांनी कुरतडलेली वायर परत करताना निघाली तर पूर्ण हार्नेसची (वायरांच्या जुडग्याची) किंमत लावतात.

समृद्धीवर गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ई-चलान तिकडे जातं आणि कंपनी त्यावर आपला सेवाखर्च चढवते. म्हणून गाडी क्रमांकावरून चलान स्वतःच दर महिन्याला तपासा आणि भरून टाका.

परत करण्याच्या दोन महिने आधी ‘चालण्याजोगी झीज’ कशाला म्हणतात त्याचं पत्रक कंपनीकडून मागवा. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिमी लागते, करारात त्याहून जास्त लिहिलेली असू शकते. ओरखडे आणि घासलेले रिम बाहेर दुरुस्त करून घेतले तर बहुधा स्वस्त पडतात, पण त्याआधी बाहेरची दुरुस्ती चालते का ते विचारा. तपासणीला स्वतः हजर राहा, गाडी धुऊन आणि कोरडी करून, दिवसाच्या उजेडात. तपासनिसाच्या यादीवर प्रत्येक ओळ पाहून सही करा, जी पटत नाही तिच्यापुढे ‘अमान्य’ लिहा, आणि यादीची प्रत व अनामत कोणत्या तारखेला परत येणार ते लेखी घेतल्यावरच दुसरी किल्ली द्या.