वेबसाइटचा खर्च वहीत मांडला तेव्हा

भिवापूरकडे आमचा मिरची पावडरचा छोटा धंदा. पहिली वेबसाइट करणाऱ्यानं एकच आकडा सांगितला, मी तो दिला. वर्षभरानं डोमेन-होस्टिंगचं (साइटचा पत्ता आणि ती ठेवायची भाड्याची जागा) नूतनीकरण आलं: पहिल्या वर्षीच्या सवलतीच्या दराच्या दुपटीहून जास्त, वर १८ टक्के जीएसटी. डोमेनही त्याच्याच नावावर. ऐन हंगामात साइट बंद पडली, फार जिवाला लागलं.

यंदा वही घेऊन बसलो. एका पानावर एकदाचा खर्च, दुसऱ्यावर दरवर्षीचा. होस्टिंगचा दर धरला तो दुसऱ्या वर्षीचा. एसएसएलचे, म्हणजे साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचे, पैसे कापले; लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं. डोमेन स्वतःच्या नावानं घेतलं. फोटोंत मात्र काटकसर केली नाही: वाळवणावरची लालभडक मिरची, देठासकट. नूतनीकरणासाठी आता दर महिन्याला थोडे पैसे वेगळे काढतो.