क्रिप्टिक कोडं अडतंय? या चुका टाळा

इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्यातला, म्हणजे अक्षरांच्या खेळात उत्तर लपवणाऱ्या कोड्यातला, एक क्लू घ्या: 'सम इंपॉर्टंट वाइन', कंसात 4, म्हणजे उत्तर चार अक्षरांचं. हा क्लू वाचून आठवतील तेवढ्या वाइनची नावं चौकोनांत बसवून पाहणं ही नवख्यांची हमखास चूक. 'इंपॉर्टंट'चं इंग्रजी स्पेलिंग बघा: तिसऱ्या ते सहाव्या अक्षरात पी-ओ-आर-टी, म्हणजे 'पोर्ट', तयारच बसलंय. 'सम' म्हणजे त्या शब्दातला काही भाग. 'द हिंदू' असो की ब्रिटनचं 'गार्डियन', क्रिप्टिक क्लू वाक्यासारखा वाचायचाच नसतो. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात अक्षरांचा खेळ. दोन्हीकडून एकच शब्द निघायला हवा. अर्थ मधोमध शोधू नका, तो जवळपास नेहमी सुरुवातीला किंवा शेवटी असतो. विरामचिन्हांवर तर मुळीच विसंबू नका.

आता 'क्वाएट! लिसन केअरलेसली', 6. थोडा सराव झालेला माणूस इथेच फसतो. 'क्वाएट' दिसलं की संगीतातला पी (हळू वाजवायची खूण) किंवा 'शू' करायचा एस-एच लिहून मोकळा! इथे तो नुसता अर्थ आहे. 'केअरलेसली' सांगतंय की शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कटा. एल-आय-एस-टी-ई-एन ही सहा अक्षरं, उत्तरही सहा अक्षरांचं: 'सायलेंट'. असा खुणेचा शब्द सापडला की आधी अक्षरांची मोजणी करा. अक्षरं ओळीत नाही, गोलात लिहा. ओळीत डोळा पुन्हा पुन्हा 'लिसन'च वाचतो.

उलट वाचायच्या क्लूमध्ये घाई नडते. 'हॉल्ट रिटर्निंग व्हेसल्स', 4. उत्तर 'स्टॉप' की 'पॉट्स'? एस-टी-ओ-पी उलटं वाचलं की पी-ओ-टी-एस. 'रिटर्निंग' ही खूण मधे असल्यामुळे दोन्ही बरोबर वाटतात (सेटरनं, म्हणजे कोडं रचणाऱ्यानं, हे टाळायला हवं, पण छापून येतं खरं). अशा वेळी थांबा. दोन्ही शब्दांची चारही अक्षरं जागोजागी वेगळी आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या शब्दांत सामाईक असलेलं, छेदणारं एकच अक्षर मिळालं तरी निकाल लागतो. आणि 'अप', 'रायझिंग' या उलटवण्याच्या खुणा उभ्या शब्दांसाठी. आडव्यात त्या दिसल्या तर काम बहुधा वेगळं असतं.

उच्चारावरच्या क्लूंमध्ये आपला कान आड येतो. 'ट्रिब्यूनल ट्रॅप्ड, दे से', 5: उत्तर 'कोर्ट', म्हणजे ट्रिब्यूनल. 'ट्रॅप्ड' म्हणजे 'कॉट', क्रिकेटमधलं तेच, आणि दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. आपण र ठणठणीत उच्चारतो, म्हणून जुळत नाही. ब्रिटिश कोड्यात 'दे से', 'वुई हिअर' दिसलं की र गिळून बोलून पाहा.

संक्षेपांची, म्हणजे क्लूतल्या कुठल्या शब्दासाठी कुठली अक्षरं येतात त्यांची, वही ठेवा. क्रिकेटचे आपल्याला फुकटात येतात: डक म्हणजे ओ, मेडन म्हणजे एम, ऑन म्हणजे लेग. सेलर मात्र एबी, टार, जॅक यांपैकी काहीही निघेल. एकावरच अडून बसू नका.

नुसता अर्थ जुळला म्हणून पेननं भरू नका. 15×15 चौकोनांच्या नेहमीच्या कोड्यात शब्दाची साधारण निम्मी अक्षरं दुसऱ्या शब्दांना छेदतात. नऊ अक्षरी उत्तर चुकलं तर चार-पाच शब्द अडकतात. एखादा कोपरा अर्धा तास हलत नसेल, तर तिथलं सगळ्यात 'सोपं' उत्तर खोडून पाहा. बऱ्याचदा गुन्हेगार तेच असतं.

चर्चा करताना कोणी अडलं तर थेट उत्तर सांगून मजा घालवू नका. आधी अर्थ कुठल्या टोकाला आहे ते सांगा, मग खेळाचा प्रकार, उत्तर सगळ्यात शेवटी. उत्तर देताना फोडही, म्हणजे ते कसं निघालं तेही, द्या: विस्कटलेल्या अक्षरांपुढे *, उलटवलेल्यांपुढे <. 'असंच असेल' ही फोड नव्हे. क्लूमधला एखादा शब्द बिनकामाचा उरला तर उत्तर पुन्हा तपासा. 'गार्डियन'च्या शनिवारच्या 'प्राइझ' कोड्यावर उत्तरं प्रसिद्ध होईपर्यंत गप्प राहायचं, हा कोडी सोडवणाऱ्यांतला जुना दंडक आहे.