'मानभावी' हा शब्द वापरताना या चुका टाळा

आपल्या सज्जनपणाचा आणि धर्मशीलतेचा देखावा करत गोड, नम्र भाषेत दुसऱ्याला कमी लेखणाऱ्या माणसासाठी मराठीत 'मानभावी' हा नेमका शब्द आहे. मात्र तो सैलपणे वापरला की त्याची धार जाते आणि कधी कधी अर्थच उलटा होतो.

सर्वांत मोठी चूक शब्दाच्या रूपामुळे होते. 'मान' आणि 'भाव' हे ओळखीचे शब्द दिसल्यामुळे 'मानी' किंवा 'मान राखणारा' असा अर्थ गृहीत धरला जातो. 'सर अत्यंत मानभावी आणि मनमिळाऊ होते' असे कोणी श्रद्धांजलीत लिहिले, तर हेतू स्तुतीचा असूनही पदरी निंदाच पडते. वस्तुतः 'मानभाव' हे 'महानुभाव' या शब्दाचे झिजलेले रूप आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाचे अनुयायी या नावाने ओळखले जात. पंथाची वेगळी आचारपद्धती आणि सांकेतिक लिप्यांत राखलेले ग्रंथ यांमुळे बाहेरच्या समाजात त्यांच्याविषयी गैरसमज पसरले, आणि त्या आकसातून पंथाचे नावच ढोंगाचे विशेषण बनले. हा त्या पंथावर झालेला अन्याय आहे. म्हणून पंथाविषयी किंवा त्याच्या अनुयायांविषयी लिहिताना 'महानुभाव' किंवा 'महानुभावीय' असेच लिहावे. तेथे 'मानभावी' कदापि वापरू नये.

दुसरी चूक जवळच्या शब्दांची सरमिसळ करण्याची. ढोंग आजारपणाचेही करता येते, त्यामुळे 'ढोंगी' हा फार व्यापक शब्द आहे. भोंदू माणूस श्रद्धेचा फायदा घेऊन लोकांना लुबाडतो. साळसूद माणूस केलेले कृत्य लपवून निरागस चेहरा करतो. मानभावी माणसाला मात्र काही लुबाडायचे किंवा लपवायचे असेलच असे नाही, त्याला स्वतःचे चांगुलपण दुसऱ्याच्या नजरेत भरवायचे असते. 'मला कोणाविषयी वाईट बोलायची सवय नाही, पण त्यांनी निदान देवाला तरी भ्यायला हवे होते,' या वाक्यातला मानभावीपणा 'ढोंगी' म्हटल्याने पुरता पकडला जात नाही. कर्मठ माणसालाही हे विशेषण सरसकट लावू नये, कारण कडक आचार पाळणारा मनापासून श्रद्धाळू असू शकतो.

रूपांबाबत थोडेच सांगायचे आहे. लिंग किंवा वचन बदलले तरी 'मानभावी' बदलत नाही. नाम 'मानभावीपणा' आणि क्रियाविशेषण 'मानभावीपणे' किंवा 'मानभावीपणाने' असे होते.

वापराविषयी शंका आली, तर त्या जागी 'सोवळेपणाचा आव आणणारा' हे शब्द ठेवून वाक्य वाचावे. अर्थ टिकला तर 'मानभावी' योग्य आहे. नुसता खोटेपणा सांगायचा असेल, तर 'खोटा' हा साधा शब्द पुरेसा आहे.